भरणारा बाजार, उघडणारा बझार

'आई बाजारात गेली आहे.' 'येताना बाजार घेऊन ये.' 'आज गावात बाजार आहे.' 'कांद्याचा बाजार पडला.' या चार साध्या वाक्यांत एकच शब्द आहे आणि त्याचे अर्थ चार आहेत. पहिल्या वाक्यात ती खरेदीची जागा आहे, दुसऱ्यात पिशवीतला भाजीपाला आणि किराणा, तिसऱ्यात आठवड्यातला ठरलेला वार, चौथ्यात भाव. मराठी गद्य इंग्रजीत नेणाऱ्या माझ्यासारख्या भाषांतरकारासमोर ही वाक्ये सतत येतात आणि प्रत्येक वेळी इंग्रजीतला 'बझार' हाताशी तयार असतो. मूळ तेच, उच्चार जवळजवळ तोच, वाचकाच्या ओळखीचाही. तरीही वरच्या चारपैकी एकाही वाक्यात तो चालत नाही, असे माझे ठाम मत आहे. मराठी 'बाजार' हा पसरट, सर्वसाधारण शब्द आहे. इंग्रजी 'बझार' अरुंद आहे, एका विशिष्ट प्रकारच्या जागेचे ते नाव आहे. दोन्ही शब्द फारसीतल्या एकाच घरातून निघाले म्हणून आजही एकमेकांच्या जागी उभे राहू शकतील, असे मानणे चूक आहे.

इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकाच्या अखेरीस पोचला. पुढे भारतात नोकरी करणाऱ्या इंग्रजांनी तो रोजच्या बोलण्यात घेतला. त्यांच्या या मिश्र शब्दसंपत्तीचा १८८६ साली निघालेला 'हॉब्सन-जॉब्सन' हा कोश बझारचा अर्थ कायमची बाजारपेठ, दुकानांचा रस्ता असा सांगतो. या अर्थातला 'कायमची' हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. इराणमधल्या तब्रीझचा बझार २०१० मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आला. विटांच्या कमानींखालून जाणाऱ्या गल्ल्या, एकेका धंद्याची वेगळी ओळ, व्यापाऱ्यांच्या मुक्कामाच्या सराया, मशिदी आणि मदरसे असे ते संकुल आहे. म्हणजे शहरातले एक शहरच. असा बझार बंद झाला की देश हादरतो. १८९० साली इराणच्या शहाने तंबाखूचा मक्ता एका इंग्रजाला दिला, तेव्हा धर्मगुरूंच्या बरोबरीने बझारातले व्यापारी विरोधात उभे राहिले. दुकाने बंद झाली, लोकांनी तंबाखू सोडला आणि १८९२ च्या सुरुवातीला मक्ता रद्द करावा लागला. दुकाने बंद ठेवून राजाला नमवायचे, तर दुकाने एरवी रोज उघडी असावी लागतात. आठवड्यातून एकदा झाडाखाली बसणाऱ्या भाजीवालीच्या हातात हे शस्त्र नसते.

यातूनच निवड करायची एक कसोटी मिळते आणि ती इंग्रजी कोशात शोधावी लागत नाही. मराठी क्रियापदातच ती आहे. जो बाजार भरतो आणि उठतो, तो बझार नव्हे. जो सकाळी उघडतो आणि रात्री बंद होतो, त्याला बझार म्हणता येईल. साताऱ्याचा किंवा सोलापूरचा सदर बाजार या कसोटीवर उतरतो. छावणीच्या गरजेतून वसलेली कायमच्या दुकानांची ती वस्ती, आणि इंग्रजांनीही तिला याच अर्थाने बझार म्हटले. म्हापशाला मात्र शुक्रवारी आसपासच्या गावांतून माणसे माल घेऊन येतात, म्हणून गोव्यातले इंग्रजी बोलणारे लोक तिथल्या बाजाराला सरळ 'फ्रायडे मार्केट' म्हणतात. त्यांनी केलेली निवड भाषांतरकाराने डोळे मिटून उचलावी अशी आहे. पेठेचे आणखी निराळे. पुण्याच्या बुधवार पेठेत दुकाने आहेत, तसे वाडेही आहेत, देवळे आहेत, पिढ्यान्‌पिढ्या राहणारी कुटुंबे आहेत. तिथे 'बझार' लिहिले की राहणारी माणसे पुसली जातात आणि फक्त गिऱ्हाइके उरतात. पेठेला पेठच ठेवावे.

बझार सर्वांत जास्त नुकसान करतो तो शेतमालाच्या बाजाराचे. अमेरिकी मानवशास्त्रज्ञ क्लिफर्ड गिर्ट्झ यांनी मोरोक्कोतल्या सेफ्रू या गावी अभ्यास करून १९७८ साली बझारच्या अर्थव्यवहारावर एक निबंध लिहिला. त्यांचे म्हणणे असे की बझारात सर्वांत दुर्मीळ वस्तू म्हणजे माहिती. मालाची प्रत, खरी किंमत, दुसरीकडचा भाव यांची कुणालाच धड खात्री नसते. म्हणून घासाघीस चालते, म्हणून ठरलेल्या दुकानदाराशी नाते जपले जाते, आणि माहिती काढणे हेच तिथले खरे कौशल्य ठरते. आता लासलगावच्या कांद्याच्या बाजाराकडे पाहा. तिथे शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरभोवती व्यापारी उभे राहतात आणि उघड लिलाव होतो. माहिती एकाच बाजूकडे राहू नये, वजन आणि भाव सर्वांसमोर ठरावेत, यासाठीच वऱ्हाडात कापूस आणि धान्याच्या बाजारांचा कायदा १८९७ मध्ये झाला आणि महाराष्ट्रातल्या बाजार समित्यांचा आजचा कायदा १९६३ मध्ये. व्यवहारात तो हेतू किती साधला, यावर शेतकरी संघटनांनी रास्त प्रश्न विचारले आहेत. पण बझारात जे नसते तेच आणण्यासाठी उभारलेल्या संस्थेला इंग्रजीत बझार म्हणणे म्हणजे तिचा इतिहास उलटा करणे. इथे 'मार्केट यार्ड' हा शब्द आहेच, तोही हमाल-मापाड्यांपासून आडत्यांपर्यंत सर्वांच्या तोंडचा.

यावर पहिला आक्षेप येतो तो हक्काचा. इंग्रजी आता आपलीही भाषा आहे, भारतीय लेखक बझार हा शब्द आपल्या अर्थाने वापरतात, मग विलायती कोशाची परवानगी कशाला? हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. विशेषनामांत तर मी तो पूर्ण मान्य करतो: चोर बाजार, मीना बाजार ही नावे जशीच्या तशी जावीत. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, तरी नाव 'जुना बाजार'च राहील; तो आठवड्यातून दोनदा भरतो हे पुढच्या वाक्यात सांगता येते. पण नाव सोडून वर्णनाकडे आलो की हक्काचा मुद्दा उरत नाही, कारण प्रश्न वाचकाच्या मनात काय उभे राहते याचा असतो. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. तुर्कीत 'पझार' म्हणजे आठवडी बाजारच, आणि रविवारसुद्धा. चीनमधल्या काश्गरच्या रविवारच्या बाजाराला इंग्रज प्रवासी बझारच म्हणत आले. मग कायमच्या दुकानांची अट कुठे राहिली? ती इंग्रजीच्या सवयीत राहिली. याच तुर्कीतले उदाहरण बोलके आहे. इस्तंबूलमधल्या ज्या प्रचंड वास्तूला इंग्रजी 'ग्रँड बझार' म्हणते, तिला तिथले लोक 'कापालीचार्शी', म्हणजे छताखालची पेठ, असे म्हणतात. छताखालच्या कायमच्या दुकानांना तुर्क पझार म्हणत नाहीत, इंग्रज मात्र नेमके त्यांनाच बझार म्हणतात. शब्द एका भाषेतून दुसरीत गेला की त्याचा अर्थ नव्या भाषेतले बोलणारे ठरवतात. काश्गरसारखे अपवाद हे त्या त्या गावच्या नावातून आले आहेत.

तिसरे म्हणणे असते रंगाचे. बझार लिहिले की वाचकाला मसाल्यांचा वास येतो, गर्दी दिसते, पूर्व जिवंत होते. माझा खरा विरोध आहे तो इथेच. मराठी लेखकाने 'आई बाजारात गेली' लिहिले तेव्हा त्याला कुठलाच वास अभिप्रेत नव्हता. घरातले रोजचे, दमवणारे काम त्याने सांगितले होते. भाषांतरात त्या बाईच्या पाठीमागे पौर्वात्य चित्राचा पडदा टांगला, तर तिचे कष्ट दिसेनासे होतात. जिथे लेखकाने गंध आणि कोलाहल लिहिला आहे, तिथे तो त्याच्या शब्दांतून येऊ द्यावा, एका तयार शब्दावर सोपवू नये.

उलट्या दिशेनेही तेवढीच काळजी हवी. १८१६ मध्ये जॉन ट्रॉटर यांनी लंडनमध्ये 'सोहो बझार' सुरू केला. नेपोलियनशी झालेल्या युद्धांत मागे राहिलेल्या विधवा आणि अनाथ मुलींना आपल्या हातच्या वस्तू विकता याव्यात, म्हणून तिथली टेबले भाड्याने दिली जात. पुढे चर्चच्या मदतीसाठी भरवलेल्या विक्रीलाही इंग्लंडमध्ये बझार म्हणू लागले. तेव्हा जुन्या इंग्रजी कादंबरीत चर्चचा बझार आला की मराठीत 'मदतविक्री' लिहावे, नुसते 'बाजार' नव्हे. 'चर्चचा बाजार' मराठीत वाचणाऱ्याला चर्चची निंदाच वाटेल. इराणच्या १९७९ च्या क्रांतीविषयीच्या इंग्रजी लेखनात 'बझारी' हा शब्द वारंवार भेटतो. तिथे तो शहरातल्या प्रतिष्ठित, धर्मनिष्ठ, संघटित व्यापारी वर्गाचा निदर्शक आहे. मराठीत 'बाजारी' लिहिताच 'बाजारू' आणि 'बाजारबुणगे' या शब्दांची सगळी हेटाळणी त्या माणसांना चिकटते. ज्यांनी शहाविरुद्ध दुकाने बंद ठेवली, त्यांच्यावर हा अन्याय आहे. इराणविषयीचे लेखन मराठीत आणणाऱ्यांना माझी विनंती आहे: कृपया 'बाजारी' लिहू नका, 'पेठेतले व्यापारी' लिहा.