वडनेरचा गडी, आक्षीचा किनारा

नागपूर-हैदराबाद हायवेवरच्या वडनेरचा आमचा एक दोस्त मुंबईत नोकरीला आला. जुहूची गर्दी बघून वैतागला. म्हणाला, ‘शांत बीच नाही का बे कुठं?’

आहे ना! सकाळी गेटवेवरून मांडव्याची बोट पकडा, तासाभरात पलीकडे. तिथून बसनं अलिबाग, मग रिक्षा. सगळे नागावला पळतात, तुम्ही अलीकडेच आक्षीला उतरा. सुरूचं बन, पक्षी आणि लांबच लांब वाळू. एकदम झकास!

आमचा गडी नदीत पोहायला शिकलेला. थेट पाण्यात निघाला, तसा हात धरून थांबवला. शांत किनाऱ्यावर जीवरक्षक हाकेवर असेलच असं नाही. कोकणातला हिशोब सोपा आहे : तिथीची पाऊणपट करा, भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला सहा. म्हणजे सकाळी तुम्ही पोचाल तेव्हा ओहोटी, पाणी आत ओढणार. तेव्हा फक्त वाळूत भटका.

पावसाळ्यात गेटवेच्या या बोटी बंद असतात. एरवी परतीची शेवटची बोट तेवढी चुकवू नका. सोमवारी ऑफिस आहे, बॉस!