मार्च ते जुलै : कुणाच्याच हजेरीपटावर नसलेली मुले

रायपूरच्या जुन्या वस्तीतून मूल वसतिगृहात जायला निघाले की गोल बाजारात एक फेरी होतेच. पत्र्याची ट्रंक, कुलूप, बादली, सतरंजी, जेवणाचे ताट. शाळेने दिलेल्या यादीवर आई एकेक खूण करत जाते, आणि राहून गेलेली वस्तू वडील दुसऱ्या दिवशी आणून देतात. तेच मूल काही वर्षांनी आयआयटी, एम्स किंवा दिल्ली विद्यापीठाच्या दारात उभे राहते तेव्हा अशी यादी कुणापाशीच नसते. घर म्हणते, शाळा बघेल. शाळा म्हणते, आमचे काम निकालापर्यंत. निवासी शाळांतल्या मुलांना प्रवेशासाठी मार्गदर्शन करणे हा माझा व्यवसाय आहे, आणि त्या आधारावर मला एकच गोष्ट मांडायची आहे. या मुलांच्या तयारीबद्दल आपण पुष्कळ बोलतो. पण कष्टाने मिळवलेली जागा त्यांच्या हातून जाते ती बहुधा परीक्षा संपल्यावर. म्हणून निवासी शाळेने घेतलेले पालकत्व बारावीच्या शेवटच्या पेपरला संपू नये. मूल नव्या संस्थेत दाखल होईपर्यंत ते चालू राहिले पाहिजे.

दिनदर्शिका समोर ठेवून पाहावे. बारावीची बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये आटोपते, वसतिगृह रिकामे होते, गाद्या गुंडाळल्या जातात, हजेरीपट बंद होतो. जेईई मेनचे दुसरे सत्र त्यानंतर एप्रिलमध्ये. नीट मेच्या सुरुवातीला. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड 2024 मध्ये 26 मे रोजी झाली, 2025 मध्ये 18 मे रोजी. निकाल लागतो आणि दुसऱ्याच दिवशी ‘जोसा’ची, म्हणजे आयआयटी-एनआयटीच्या संयुक्त जागावाटपाची नोंदणी सुरू होते, मग एकामागून एक फेऱ्या जुलैपर्यंत चालतात. वैद्यकीयचे समुपदेशन तर त्याही पुढे जाते. शहरातल्या मुलाच्या पाठीशी या काळात आई-वडील, शिकवणीचे सर, आधीच तिथे शिकत असलेला मावसभाऊ अशी पलटण असते. वसतिगृहातले मूल नेमके तेव्हाच कुणाच्याही हजेरीपटावर नसते. ते सुकमा किंवा जशपूरच्या गावी असते, आणि ज्या शिक्षकांना त्याची पूर्ण माहिती आहे ते सुट्टीवर गेलेले असतात.

तिथे काय घडते ते जवळून पाहण्यासारखे आहे. अर्ज भरताना नोंदवलेला मोबाइल क्रमांक बहुधा वडिलांचा असतो, कारण वसतिगृहात फोन ठेवू देत नाहीत. ओटीपी त्या फोनवर येतो आणि काही मिनिटांत बाद होतो. वडील शेतावर, गावात रेंज नाही. ईमेल चॉइस सेंटर म्हणजे ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या केंद्रातल्या माणसाने काढून दिलेला, पासवर्ड त्याच्याच वहीत. आता समजा, जागा मिळाली. ती स्वीकारायची तर ‘फ्रीझ’, ‘फ्लोट’ आणि ‘स्लाइड’ यांतले एक निवडायचे: हीच जागा पक्की, की पुढच्या फेरीत वरची कोणतीही मिळाल्यास चालेल, की संस्था हीच पण शाखा वरची हवी. शुल्क भरायचे, कागद चढवायचे, आणि तपासणाऱ्या अधिकाऱ्याने शंका काढली तर ठरलेल्या वेळेत उत्तर द्यायचे. उत्तर गेले नाही तर जागा रद्द. यातली एकही पायरी बुद्धीची कसोटी नाही. तरीही रसायनशास्त्राचा अवघड प्रश्न सोडवणारी मुलगी इथे अडते, कारण हे काम एकट्याने करण्यासारखे नाही.

हे म्हणणे अतिरंजित वाटत असेल त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल पाहावेत. 2021 मध्ये एका दलित विद्यार्थ्याला आयआयटी मुंबईत जागा मिळाली होती. शुल्क भरताना कार्ड चालले नाही आणि मुदत टळली. 2024 मध्ये मुझफ्फरनगर जिल्ह्यातल्या तिटोडा गावच्या, रोजंदारीवर काम करणाऱ्या मजुराच्या मुलाला आयआयटी धनबादमध्ये जागा मिळाली. भरायचे होते 17,500 रुपये. मुदत 24 जूनच्या संध्याकाळी पाचपर्यंत. पैसे कसेबसे जमले ते पावणेपाचच्या सुमारास, आणि व्यवहार पुरा होण्याआधी संकेतस्थळ बंद झाले. दोन्ही वेळा न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने घटनेच्या अनुच्छेद 142 खालचा विशेष अधिकार वापरून मुलांना जागा मिळवून दिली. मला या निकालांबद्दल आदर आहे. पण काही मिनिटांनी हुकलेली जागा मिळवायला देशाच्या सरन्यायाधीशांपर्यंत जावे लागत असेल, तर जे तिथवर पोहोचलेच नाहीत त्यांचा विचार कुणी करायचा? अशा मुलांची कुठे नोंद होत नाही. ती पुढच्या वर्षी गावाजवळच्या महाविद्यालयात बीएस्सीला बसलेली दिसतात, आणि लोक समजतात की निवड झालीच नव्हती.

यावर नेहमी सुचवला जाणारा उपाय म्हणजे माहिती देणे. पुस्तिका छापा, शिबिर घ्या, व्हॉट्सअ‍ॅप गट काढा. माहिती हवीच, पण ती पुरत नाही, आणि याचा पुरावा अमेरिकेतल्या एका प्रयोगात आहे. तिथे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांपैकी काहींना महाविद्यालयाच्या आर्थिक मदतीची फक्त माहिती देण्यात आली, तर काहींचा अर्ज तिथल्या तिथे बसून भरून देण्यात आला. संशोधक बेटिंजर आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांचा अर्ज भरून दिला त्या घरांतल्या बारावीच्या मुलांपैकी दोन वर्षे महाविद्यालयीन शिक्षण पुरे करणाऱ्यांचे प्रमाण 28 वरून 36 टक्क्यांवर गेले. ज्यांना नुसती माहिती दिली त्यांच्यात फरक पडला नाही. मिशिगन विद्यापीठाने हुशार पण गरीब मुलांना ‘निवड झाली तर शिक्षणशुल्क माफ, त्यासाठी वेगळा अर्ज नको’ असे हमीपत्र घरी पाठवले, तेव्हा अर्ज करणाऱ्यांचे प्रमाण 26 वरून 68 टक्क्यांवर गेले. ती माफी त्यांतल्या बहुतेकांना एरवीही मिळालीच असती. नवी होती ती खात्री. आपल्याकडे अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना आयआयटीत शिक्षणशुल्क पूर्ण माफ आहे, आणि इतरांपैकी ज्यांचे कौटुंबिक उत्पन्न वर्षाला एक लाखाच्या आत आहे त्यांनाही. हे किती घरांना अकरावीतच, नाव घालून, लेखी सांगितले जाते?

मार्चनंतर हात सुटतो, आणि मार्चआधीही काही गाठी चुकीच्या मारल्या जातात. त्यांतली एक आपल्या मराठी घरांशी थेट संबंधित आहे. रायपूरच्या तात्यापारा किंवा चौबे कॉलनीतली मुले दहावीनंतर लातूरला, नागपूरला, कोटाला वसतिगृहात जातात. शिकवणी कुठली चांगली याची भरपूर चौकशी होते. बारावी कोणत्या राज्यातून होणार याची होत नाही. एनआयटीतल्या निम्म्या जागा त्या राज्यातल्या विद्यार्थ्यांसाठी असतात, आणि तुमचे ‘राज्य’ जन्मावरून किंवा आधार कार्डावरून ठरत नाही. बारावी जिथून उत्तीर्ण झालात ते तुमचे राज्य. रायपूरचा मुलगा कोटाच्या शाळेतून बारावी झाला तर एनआयटी रायपूरच्या दारात तो राजस्थानचा ठरतो. वैद्यकीयचा हिशेब पुन्हा निराळा. तिथल्या राज्य कोट्याला ज्या-त्या राज्याचे नियम लागू होतात, आणि महाराष्ट्रात अधिवासाबरोबर साधारणपणे दहावी व बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात. म्हणजे लातूरला अकरावीत गेलेली रायपूरची मुलगी एनआयटीच्या प्रवेशात महाराष्ट्राची होते, पण महाराष्ट्राच्या वैद्यकीय कोट्यात बसत नाही. हा निर्णय योग्यही असू शकतो, मात्र तो माहीत असून घेतलेला असावा.

दुसरी गाठ जातीच्या दाखल्याची. इतर मागासवर्गाचा नॉन-क्रीमीलेअर दाखला केंद्र सरकारच्या नमुन्यातला आणि त्या वर्षीच्या 1 एप्रिलचा किंवा त्यानंतरचा लागतो. राज्याच्या नमुन्यातला, गेल्या वर्षीचा दाखला तिथे चालत नाही. म्हणजे वसतिगृह रिकामे झाल्यावरच हा कागद काढायचा आहे. छत्तीसगडमध्ये अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी 1950 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात, आणि त्यासाठी लोक आजोबा-पणजोबांच्या नावाची जुन्या बंदोबस्ताची मिसल, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा कागद, शोधत तहसील कचेरीत हेलपाटे घालतात. काही समाजांची मुले तर नावाच्या उच्चारातल्या आणि लेखनातल्या फरकामुळे वर्षानुवर्षे यादीबाहेर राहिली. संसदेने 2023 मध्ये दुरुस्ती केली तेव्हा ती रूपे यादीत आली. जुन्या पुराव्यांची ही कामे जूनच्या थोड्या दिवसांत होत नाहीत. ती नववीतच, मूल दाखल होते त्या दिवशी हाती घ्यायची असतात.

पालकत्वाची ही कल्पना आपल्याला नवी नाही. रायपूरचे राजकुमार कॉलेज 1882 मध्ये जबलपूरला सुरू झाले आणि पुढच्या दशकात इथे आले. संस्थानिकांच्या मुलांसाठी असलेल्या अशा शाळांत विद्यार्थ्याचे पुढचे पाऊल कुठे पडणार याची काळजी आधीच घेतलेली असे. राजर्षी शाहू स्वतः राजकोटच्या राजकुमार कॉलेजात शिकले आणि नंतर धारवाडला ब्रिटिश अधिकारी फ्रेझर यांच्या देखरेखीखाली. आपल्याला मिळाले ते कुणब्याच्या, महाराच्या मुलालाही मिळावे या दिशेने त्यांनी पुढे कोल्हापुरात 1901 पासून एकामागून एक वसतिगृहे उभी केली. डॉ. आंबेडकर 1913 मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले त्याआधीच्या टप्प्यावर त्यांना बडोद्याची शिष्यवृत्ती मिळाली ती शिक्षक कृष्णराव अर्जुन केळूसकर त्यांना महाराज सयाजीरावांकडे घेऊन गेले म्हणून. आंबेडकरांच्या बुद्धिमत्तेत यामुळे काही उणे होत नाही. दार कुठे आहे हे जाणणारा एक वडीलधारा माणूस तेव्हाही लागत होता. आजचे पाहिले तर 2010 मध्ये रायपूरच्या गुढियारीत सुरू झालेल्या ‘प्रयास’ या निवासी शाळेने नक्षलग्रस्त भागातल्या मुलांना आयआयटी-एनआयटीपर्यंत पोहोचवले आहे, आणि मान्यातल्या नवोदय विद्यालयासारख्या शाळा ग्रामीण मुलांना सहावीपासून सांभाळतात. इतके केलेल्या व्यवस्थेकडून पुढच्या चार महिन्यांची अपेक्षा करणे अवाजवी नाही.

आक्षेप येतात, आणि ते विचारात घ्यायला हवेत. पहिला असा की मुलांना किती हाताला धरून न्यायचे. अर्जही भरता येत नसेल तर ती आयआयटीत काय टिकणार? यावर मी विचारीन, सुखवस्तू घरातल्या कोणत्या मुलाने स्वतःचा अर्ज एकट्याने भरला आहे? वडिलांनी भरलेला अर्ज संस्कार ठरतो आणि शिक्षकांनी भरायला मदत केली की परावलंबन, हा न्याय मला मान्य नाही. मात्र मदतीला मर्यादा आहे आणि ती मी कडक मानतो. कागद, तारखा, पर्यायांचा क्रम समजावणे ही मदत. मुलाच्या नावाने निबंध लिहिणे, न केलेले काम त्याने केले असे दाखवणे ही फसवणूक. परदेशी आणि काही खाजगी विद्यापीठांच्या अर्जात आत्मनिवेदन लागते, तिथे हा मोह जास्त. 2019 मध्ये अमेरिकेत उघडकीला आलेल्या प्रवेश घोटाळ्यात श्रीमंत पालकांनी खोटे खेळाडू आणि खोटे गुण विकत घेतले होते. बस्तरच्या मुलीने महुआ वेचून, दोन भावंडे सांभाळून अभ्यास केला असेल तर ते तिच्या साध्या भाषेत येऊ द्यावे. मोठ्यांनी शुद्धलेखन पाहावे आणि थांबावे.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो : प्रवेश मिळवून दिला तरी मूल तिथे टिकते का? डिसेंबर 2023 मध्ये सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार पाच वर्षांत केंद्रीय विद्यापीठे, आयआयटी आणि आयआयएममधून अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गाच्या तेरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी शिक्षण सोडले. त्यांतले काही दुसऱ्या संस्थेत गेले असतील, तरी आकडा अस्वस्थ करणारा आहे. पण यातून ‘त्यांना तिथे पाठवूच नका’ असा निष्कर्ष निघत नाही. आवड नसलेली शाखा केवळ संस्थेच्या नावासाठी घेतली जाते, हिंदी माध्यमातून आलेल्या मुलाला पहिल्या सत्रात इंग्रजी व्याख्याने झेपत नाहीत, घरून पैसे वेळेवर येत नाहीत. पर्यायांचा क्रम लावताना मुलाला ओळखणारा माणूस शेजारी बसला, तर यातले पहिले कारण तिथेच टळू शकते. उरलेल्या दोहोंसाठी तोच माणूस डिसेंबरपर्यंत फोनवर असावा.

खासगी सल्लागार आणि शिकवणी वर्ग हे काम करतातच, असाही एक युक्तिवाद आहे. करतात, पण त्यांचे लक्ष ज्यांचे छायाचित्र फलकावर लावता येईल अशा क्रमांकांवर असते. नव्वद हजारांच्या आसपास क्रमांक आलेल्या, राखीव प्रवर्गातून एनआयटीची चांगली शाखा मिळू शकणाऱ्या मुलीकडे पाहायला तिथे वेळ नसतो, आणि सल्ल्याचा खरा उपयोग तिलाच असतो.

करायचे काय ते फार खर्चिक नाही. बारावीच्या मुलांचा हजेरीपट शाळेने जुलैअखेरपर्यंत उघडा ठेवावा आणि वसतिगृहाच्या दोन खोल्या त्यांच्यासाठी चालू राहाव्यात. एका शिक्षकाला त्या चार महिन्यांचे मानधन देऊन नावानिशी जबाबदारी द्यावी. अर्जावर दुसरा संपर्क क्रमांक त्यांचा असावा. प्रत्येक मुलाची कागदपत्रांची फाइल नववीपासून शाळेत राहावी. आणि जागा स्वीकारण्याच्या शुल्कासाठी फिरता निधी असावा. ही रक्कम जवळजवळ सगळीच संस्थेच्या शुल्कात वळती होते, त्यामुळे मुलाने ती पुढे परत केली की पुढच्या तुकडीला वापरता येते. दहा मुलांसाठी पावणेदोन-दोन लाख पुष्कळ झाले. एवढी रक्कम गोल बाजारातली चार-सहा दुकाने मिळून उभी करू शकतात. हजेरीपटासाठी मात्र शाळा ज्या विभागाखाली येते त्या विभागाचा आदेश लागेल, आणि यंदाच्या मुलांना त्याचा उपयोग व्हायचा असेल तर तो फेब्रुवारीपूर्वी निघायला हवा.