पाहुण्यांचे तळे

सहलीला कोठे जावे, हा प्रश्न सुटी जवळ आली म्हणजे घरोघर निघतो आणि अलीकडे त्याचे उत्तर बहुधा वाघापाशी येऊन थांबते. ताडोबा, पेंच, कान्हा ही नावे आमच्या मुलांना पंढरपूर-आळंदीपेक्षा अधिक परिचयाची झाली आहेत. त्यात वाईट असे काही नाही. परंतु वाघ दिसला तर अरण्य पाहिले आणि न दिसला तर पैसे बुडाले, असा जो एक रोकडा हिशेब या सहलींत शिरला आहे, तो माझ्या मनाला मानवत नाही. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला तर तो परवडणाराही नाही. कारण वाघ दाखविण्याची सोय आमच्याकडे नाही. आमच्याकडे पाणी आहे.

मराठवाड्यातला मनुष्य आपल्याकडे पाणी आहे असे म्हणू लागला की पुण्या-मुंबईचा वाचक हसावयाचा. पण त्याने एकदा नकाशा उघडून पाहावा. अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावलेली पूर्णा नदी गोदावरीकडे निघाली असता तिला वाटेत दोन ठिकाणी अडविले आहे. वरच्या बाजूस येलदरी, खालच्या बाजूस सिद्धेश्वर. दोन्ही धरणे १९६८ साली पुरी झाली. आमच्या जिल्ह्याच्या उत्तरेची शीव पैनगंगा सांभाळते आणि त्या शिवेवरच, कळमनुरी व पुसद या दोन तालुक्यांच्या मध्ये, इसापूरचा विस्तीर्ण जलाशय पसरलेला आहे. त्याचा काही भाग पक्ष्यांसाठी अभयारण्य म्हणून राखलेला आहे. हा जिल्हा स्वतंत्र झाला तो १ मे १९९९ रोजी. त्याआधी तो परभणीचाच एक तुकडा होता. तेव्हा ही तळी आमच्या जिल्ह्याहून वयाने मोठी आहेत, असे म्हणावयास हरकत नाही.

औंढ्याला नागनाथाच्या दर्शनास दरवर्षी लक्षावधी माणसे येतात. तेथून सिद्धेश्वरचे पाणी काही फार लांब नाही. पण नारळ फोडून, प्रसाद घेऊन मंडळी परस्पर परततात. याच देवळात विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पडले होते आणि देव नाही अशी जागा दाखव, तेथे पाय ठेवतो, असे त्यांनी नामदेवांना सुनावले, ही कथा आमच्याकडे पोरासोरांना ठाऊक आहे. प्रेक्षणीय नाही अशी जागा दाखवा, असे आमच्या सहलबाज मंडळींना विचारणारा विसोबा मात्र अद्याप कोणी भेटलेला दिसत नाही.

गेल्या माघात माझा पुतण्या पुण्याहून आला. त्याला पक्ष्यांचे वेड आहे. गळ्यात दुर्बीण, खांद्यावर तोफेसारखा कॅमेरा आणि खिशातल्या फोनमध्ये साऱ्या जगातल्या पाखरांची वंशावळ, असा त्याचा थाट होता. पहाटे उठून आम्ही सिद्धेश्वरच्या काठी गेलो. धुके विरळ होऊ लागले तसतसे पाणी उलगडत गेले. चित्रबलाक उथळात उभे होते. थापट्या बदकांची चोच पाण्यावर फिरत होती. दूर एका जिभेसारख्या जमिनीवर केशरी रंगाची एक जोडी होती. "काका, चक्रवाक!" पुतण्या हलक्या आवाजात म्हणाला.

संस्कृतच्या तासाला या पक्ष्याच्या विरहावर आम्ही पानेच्या पाने भाषांतर केले होते. रात्र पडली की चक्रवाक आणि चक्रवाकी यांची ताटातूट होते आणि दोन काठांवरून ती एकमेकांना हाका मारीत राहतात, असा कविसंकेत आहे. प्रत्यक्ष जोडी पाहून मला तरी विरहाचे काही चिन्ह दिसले नाही. दोघेही शेजारी शेजारी पोटभर चरत होती. रात्री त्यांना चरावयास पांगावे लागत असेल आणि त्या वेळच्या त्यांच्या हाका कोणा कवीने ऐकल्या असतील. पोटाची गरज आणि प्रीतीची हाक यांत कवीने कोणती निवडावी, हे उघडच आहे.

पण त्या दिवशीचे खरे मानकरी निराळेच होते. पाण्याच्या मध्यावर राखी रंगाचा एक मोठा थवा बसला होता. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूस दोन काळे पट्टे. म्हणून त्यांना पट्टकादंब म्हणतात. हे हंस उन्हाळ्यात तिबेट, लडाख, मंगोलिया या प्रदेशांतील उंच तळ्यांकाठी अंडी घालतात आणि हिवाळा आला की हिमालय ओलांडून आपल्याकडे उतरतात. त्यांच्या पाठीवर यंत्रे बांधून शास्त्रज्ञांनी माग काढला, तेव्हा सात हजार मीटरांहूनही उंच गेलेल्या हंसाची नोंद त्यांना मिळाली. जेथे माणसाला चार पावले टाकताना धाप लागते, तेथे हा पक्षी पंख मारीत असतो. मंगोलियात गळ्यात खुणेचा पट्टा अडकवून सोडलेले हंस हिंदुस्थानातील तळ्यांवर आढळलेले आहेत. एवढा प्रवास करून जो आमच्या दारी आला, त्याच्याकडे पाहताना माझे मन भरून आले, हे मी लपवीत नाही.

इतक्यात डबा वाजला.

काठाच्या ओल्या पट्टीत हरभरा डोलत होता आणि त्याच्या बांधावर एक म्हातारा तेलाचा रिकामा डबा काठीने बडवीत होता. वय ऐंशीच्या घरातले असावे. आम्ही जवळ गेलो.

"मामा, हे शेत तुमचं का?" मी विचारले.

"शेत कुठलं, बाप्पा! पाण्याचं हाय. पाणी उठलं की आमचं, पाणी आलं की त्याचं."

ही गाळपेर जमीन. धरणाचे पाणी हिवाळ्यात जसजसे मागे सरते, तसतसा खालचा गाळ उघडा पडतो. सरकार तो वर्षावर्षाच्या कराराने कसावयास देते आणि ज्यांची जमीन धरणात गेली त्यांचा हक्क त्यात पहिला धरतात. म्हाताऱ्याने काठी पाण्याकडे केली. "ती पाखरं बसलीत ना, त्याच्या खाली आमचं गाव. चावडी तिथंच कुठंतरी."

गाव उठले तेव्हा तो मिसरूड फुटलेला पोरगा होता. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात झाला तो १९७६ साली. म्हणजे पूर्णेचे पाणी अडल्यानंतर आठ वर्षांनी. मधल्या काळात उठलेल्यांच्या पदरात काय पडले, हे त्याने सांगितले नाही आणि विचारण्याचा धीर मलाही झाला नाही. हंसांविषयी मात्र तो मोकळेपणाने बोलला. दिवसा ते पाण्यावर विसावतात, रात्री आणि पहाटे हरभऱ्यात उतरतात. "रोह्यानं खाल्लं तर अर्ज करता येतो, पंचनामा होतो. बदकानं खाल्लं म्हणून सांगायला गेलं तर लोक हसतात."

पुतण्या घुटमळत होता. शेवटी त्याने विनंती केली, "मामा, पाचच मिनिटं डबा वाजवू नका. ते इकडं सरकताहेत."

म्हातारा क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिला आणि त्याने काठी खाली ठेवली. थवा खरोखरच सरकू लागला. आधी चार, मग दहा, मग पन्नासेक हंस जड पावलांनी काठावर चढले आणि शांतपणे हरभऱ्यात शिरले. माना खाली गेल्या. कॅमेऱ्याची किटकिट चालू झाली. ते दृश्य विलक्षण सुंदर होते. कोवळ्या उन्हात त्यांच्या चोचीचा पिवळा रंग, हिरव्या पिकावर हलणाऱ्या राखी पाठी, मधूनच नाकातून काढल्यासारखी एखादी हाक. आणि त्याच वेळी प्रत्येक मानेच्या झुकण्याबरोबर एकेक डहाळी जात होती, हेही मला दिसत होते. पाच मिनिटांची दहा मिनिटे झाली. मग कोणी काही न बोलता म्हाताऱ्याने काठी उचलली.

पुतण्याने लाजत लाजत पाकिटातून नोटा काढल्या. आता हा स्वाभिमानी म्हातारा त्या परत करील, अशी गोष्टीत शोभणारी अपेक्षा माझ्या मनात आली होती. त्याने त्या घेतल्या, मोजल्या, बंडीच्या खिशात घातल्या आणि म्हणाला, "हे बरं झालं. मागल्या साली आलेल्यांनी नुसता रामराम केला."

मला हे उत्तर फार आवडले. पाहुण्यांचे आदरातिथ्य आपण करावयाचे आणि चूल दुसऱ्याच्या घरची पेटवावयाची, ही आमच्या वर्गाची निसर्गभक्ती त्याने दोन वाक्यांत उघडी केली. १९३१-३२ साली सलीम अलींनी निजामाच्या राज्यातील पक्ष्यांची पाहणी केली, त्या वेळी हिंगोली त्याच राज्यात होती. पण पूर्णेवर हे तळे नव्हते. म्हणजे हंसांना येथे एवढे मोठे बिऱ्हाड ज्या भिंतीने दिले, तिनेच म्हाताऱ्याचे गाव उठविले. आम्ही तळ्याला निसर्ग म्हणतो आणि त्याच्या हरभऱ्याला अतिक्रमण म्हणावयास लागतो, तेव्हा या इतिहासाची आठवण ठेवणे सोयीचे नसते. वाघाच्या अरण्यात शिरताना आपण दरडोई प्रवेशशुल्क मुकाट्याने भरतो. या काठावर तसे शुल्क घेऊन ते गाळपेर करणाऱ्यांत वाटले, तर डबे थोडे कमी वाजतील, असे माझे मत आहे. सरकारी कचेरीत याची वाट कशी लागेल, याची कल्पना असूनही मी ते मांडीत आहे.

दुसऱ्या दिवशी इसापूरला गेलो. ते पाणी अधिक मोठे, काठावरचे रान अधिक दाट आणि माणसांची वर्दळ कमी. नदीसुरय पाण्यावर सूर मारीत होते, कवड्या धीवर एका जागी पंख फडफडवीत लटकत होता आणि पैलतीरावर यवतमाळ जिल्ह्याचे डोंगर निळे दिसत होते. पुतण्याची यादी बरीच लांबली. पण त्याचे लक्ष पाण्यापेक्षा काठाकडे अधिक होते. कोठे हिरवी पट्टी दिसली की तो दुर्बीण तिकडे वळवी आणि बांधावर कोणी आहे का ते पाही.

फाल्गुन संपता संपता हंस निघून जातात. निघताना त्या म्हाताऱ्याने मला सांगितले की, तोवर पाणी आणखी दोन बिघे मागे सरेल आणि त्या ताज्या गाळात त्याला टरबूज लावावयाचे आहे. बियाणे त्याने वसमतहून आणूनही ठेवले आहे.