'हॅव', 'आहे रे' आणि 'अनुभवणे'

इंग्रजीतील 'हॅव' हे क्रियापद मराठी विद्यार्थ्याला शाळेच्या पहिल्या इयत्तांतच भेटते आणि पदव्युत्तर वर्गापर्यंत त्याची पाठ सोडत नाही. 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' या वाक्याला हसण्याची प्रथा आहे. परंतु ज्या भाषेत या क्रियापदाला नेमका प्रतिशब्दच नाही, त्या भाषेतून आलेल्या माणसाने ही एक 'क्रिया' आहे असे समजून तिला चालू काळात घातले, तर त्यात हसण्यापेक्षा विचार करण्याजोगे अधिक आहे.

इंग्रजीत पुस्तक, भाऊ, ताप, धैर्य, चहाचा घोट या सर्वांना 'हॅव' पुरते, आणि प्रत्येक वेळी माणूसच कर्ता असतो. मराठीत 'मला भाऊ आहे', 'माझ्याकडे पुस्तक आहे', 'माझ्याजवळ पैसे आहेत', 'तिच्यात धमक आहे' अशी व्यवस्था आहे. 'माझ्याकडे भाऊ आहे' असे कोणी म्हणाले, तर तो सध्या मुक्कामाला आला आहे एवढाच अर्थ होतो. 'माझ्याकडे पुस्तक आहे' यावरून ते ग्रंथालयाचे की स्वतःचे, हे कळत नाही. ते 'माझे' आहे असे वेगळे सांगावे लागते. या सर्व वाक्यांत क्रियापदाची संगती वस्तूशी आहे. ज्याचे ते आहे तो माणूस कुठल्यातरी प्रत्ययाच्या किंवा शब्दयोगी अव्ययाच्या आश्रयाने बाजूला उभा असतो. 'आय हॅव टू गो' मधली सक्तीसुद्धा इंग्रजी माणूस जणू आपल्या मालकीची म्हणून बोलतो; मराठीत जाणे 'मला' लागते.

'हॅव'चे मूळ पकडण्याच्या क्रियेत आहे. लॅटिनमधील 'हाबेरे' त्याच्यासारखे दिसते आणि त्याचा अर्थही तोच, परंतु हे साम्य योगायोगाचे. 'हॅव'चे खरे नाते 'कापेरे' म्हणजे पकडणे, घेणे याच्याशी आहे. एमिल बाँव्हनिस्त यांनी १९६० च्या आपल्या निबंधात असे दाखवले की स्वामित्वाचे स्वतंत्र क्रियापद जगातील भाषांत अपवादानेच आढळते. 'एखाद्याला असणे' ही रचना अधिक सार्वत्रिक आहे, आणि 'हॅव'सारखे क्रियापद म्हणजे तिचीच उलटवलेली बाजू. पुढे एरिक फ्रॉम यांनी 'टू हॅव ऑर टू बी?' (१९७६) या ग्रंथात या भाषिक वस्तुस्थितीचा संबंध खाजगी मालमत्तेच्या वाढीशी जोडला. ही मांडणी आपल्याकडे अनेकांना सुखावणारी ठरते. 'हॅव' नसलेली भाषा म्हणजे अपरिग्रही संस्कृती, असा निष्कर्ष त्यातून सहज काढता येतो.

तो टिकणारा नाही. वतन आणि मिरास यांवरून पिढ्यान्‌पिढ्या तंटे चालवणाऱ्या समाजाची भाषा मराठीच होती. जिला 'हॅव' नव्हते, तिला हक्क, मालकी, कब्जा, भोगवटा यांचे शब्द कधीच कमी पडले नाहीत. जेथे स्वामित्वाबद्दल जाब विचारायचा असतो, तेथे मराठीही माणसाला कर्त्याच्या जागी आणते: शस्त्र 'बाळगले' म्हणून गुन्हा दाखल होतो. आणि १९६१ च्या शेतजमिनीच्या कायद्याने मर्यादा घातली ती जमिनीच्या 'धारणे'वर. पकडण्याची कल्पना इथेही आहेच. व्याकरणावरून समाजाची नीती वाचणे हा मोह आहे, आणि साहित्याच्या अभ्यासकांना तो इतरांपेक्षा जरा अधिकच होतो.

असे असले तरी भाषांतरात काहीतरी घडतेच. 'हॅव्ज' आणि 'हॅव-नॉट्स' या जोडीला मराठीने 'आहे रे' आणि 'नाही रे' असे प्रतिशब्द दिले. या कल्पनेची एक जुनी खूण सर्व्हांतेसच्या 'दोन किहोते'च्या १६१५ मधील दुसऱ्या भागात सापडते. जगात दोनच घराणी, असणाऱ्यांचे आणि नसणाऱ्यांचे, हे तिथे सांचो आपल्या आजीच्या नावावर सांगतो. तिथले स्पॅनिश क्रियापदही मुळात 'धरणे' याच अर्थाचे. मराठी शब्दांत मात्र धरणारा हात उरला नाही. 'नाही रे' म्हणजे नसलेला माणूस नव्हे, वर्गाचे नावही नव्हे; ते कोणीतरी दिलेले उत्तर आहे. दाराशी किंवा बांधावर कोणी 'आहे का रे?' असे विचारावे आणि आतून 'नाही रे' असे यावे, तसे. उत्तर स्त्रीचे की पुरुषाचे हे त्या शब्दांत नाही. विचारणारा मात्र पुरुष आहे, आणि सलगीतला आहे. 'नाही गं' हा वर्ग आपल्या समीक्षेने कधी कल्पिला नाही. दारिद्र्याला आवाज देणारा हा प्रतिशब्द मुळापेक्षा सरस आहे. त्याची जोखीम एवढीच की काय नाही हे त्यात सांगितलेले नसल्याने समीक्षेच्या गद्यात 'नाही रे वर्ग' हळूहळू अस्तित्वच नसलेल्यांचा वर्ग होऊन बसतो. ज्यांचे साहित्य 'आम्ही आहोत' हे ठासून सांगत उभे राहिले, त्यांच्या संदर्भात हे नाव बिनदिक्कत वापरले जाते, हे खटकावे.

जुन्या सनदांत इनाम वा वतन वंशपरंपरेने 'अनुभवणे' असा प्रयोग येतो. अनुभवणे म्हणजे उपभोग घेणे, ताब्यात ठेवून तिचे उत्पन्न खाणे. मराठीत 'हॅव'च्या सर्वांत जवळ जाणारे क्रियापद कदाचित हेच असेल. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्या समीक्षेने 'अनुभव' हा आपला मध्यवर्ती शब्द केला, तेव्हा त्याला जमिनीचा वास उरला नव्हता. तो विशुद्ध, आंतरिक मानला गेला. दलित साहित्याच्या निमित्ताने अनुभव कोणाचा, तो लिहिण्याचा अधिकार कोणाला, असा वाद पेटला तेव्हा पुष्कळांना तो साहित्यबाह्य वाटला. वास्तविक त्या वादाने शब्दाला त्याच्या जुन्या कागदपत्रांकडेच परत नेले होते: भोगणारा कोण, नोंद कोणाच्या नावे, आणि आलेले पीक कोण खातो.