श्रमाचं पथ्य

ग्लँड्युलर फीव्हर झालेल्या तरुण माणसाचा खरा कस लागतो तो ताप उतरल्यावर. ताप, घशातली आग, मानेतल्या सुजलेल्या गाठी हे सगळं साधारण दोन ते चार आठवड्यांत ओसरतं. घास गिळता येऊ लागतो, रक्ताचे रिपोर्ट जागेवर येतात, चेहऱ्यावर आजारपण दिसेनासं होतं. मागे उरतो तो थकवा, आणि तो अनेकांना कित्येक आठवडे तर काहींना महिनोन्‌महिने सोडत नाही. मी विशीत, इंग्लंडमध्ये शिकत असताना या आजारातून गेले आहे. माझ्या दिवसांची हकीकत इथे सांगायची नाही. त्या काळात आणि त्यानंतर जे वाचलं, पडताळून पाहिलं, त्यातून एक मत पक्कं झालं आहे, ते मांडायचं आहे. हा रेंगाळणारा थकवा आजाराचाच एक टप्पा आहे. कावीळ झालेल्याला आपण जसं तेलातुपाचं पथ्य सांगतो, तितक्याच काटेकोरपणे या टप्प्यात श्रमाचं पथ्य पाळावं लागतं, आणि ते पाळायला लागणारा वेळ रुग्णाला कुणाची मनधरणी न करता मिळायला हवा.

मराठी घरांत या आजाराची फारशी ओळख नाही, आणि त्याला कारण आहे. एपस्टीन-बार नावाच्या ज्या विषाणूमुळे तो होतो, तो जगातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात आयुष्यभर मुक्काम करून असतो. लाळेतून पसरणारा हा विषाणू आपल्याकडे बहुतेकांना अगदी लहानपणीच, एकमेकांचं उष्टं खाता-पिता गाठतो. त्या वयात साध्या सर्दीतापावर निभावतं किंवा काहीच जाणवत नाही. ज्यांची ही गाठभेट लांबते आणि पंधरा ते पंचविशीच्या दरम्यान होते, त्यांच्यापैकी पुष्कळांना मात्र खरं आजारपण येतं. ब्रिटन-अमेरिकेत हे सर्रास घडतं, म्हणून तिथल्या विद्यापीठांत हा आजार सगळ्यांना माहीत असतो. १९२० साली अमेरिकेत स्प्रंट आणि इव्हान्स यांनी त्याचं ‘इन्फेक्शस मोनोन्यूक्लिओसिस’ असं नामकरण केलं तेही तरुण रुग्णांच्या रक्तात दिसलेल्या विचित्र पेशींवरून. विषाणू सापडला १९६४ मध्ये, लंडनला, युगांडातल्या मुलांच्या जबड्याच्या कर्करोगाचे नमुने तपासताना. या तापाशी त्याचं नातं जुळलं ते आणखी चार वर्षांनी, फिलाडेल्फियात हेन्ले दांपत्याच्या प्रयोगशाळेत. तिथल्या एका तंत्रज्ञ तरुणीच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं आधी नव्हती, ती ग्लँड्युलर फीव्हर झाल्यावर सापडली. परदेशी शिकायला गेलेल्या मुलीने घरी फोनवर हे नाव सांगितलं, तर आईवडिलांना ते पहिल्यांदा ऐकू येतं आणि ते टॉन्सिलच्या अनुभवाशी ताडून बघतात. टॉन्सिल आठवड्यात बरे होतात. तेव्हा महिन्यानंतरही मुलगी दुपारी झोपते, याचा अर्थ त्यांना लागत नाही.

अर्थ लागायला हवा असेल तर हा आजार शरीरात काय करतो ते पाहावं लागतं. विषाणू शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत चार ते सहा आठवडे जातात. तोवर तो बी-पेशींमध्ये मूळ धरून बसलेला असतो, आणि त्या संसर्गग्रस्त पेशी मारण्यासाठी शरीर प्रचंड संख्येने टी-पेशी तयार करतं. ताप, सुजलेल्या गाठी, वाढलेली प्लीहा, यकृताचे बिघडलेले आकडे हे बव्हंशी या प्रतिकाराचे परिणाम आहेत. एवढी मोठी उलथापालथ शरीराने केल्यावर पुढे किती जण किती काळ थकलेले राहतात, याची मोजदाद झालेली आहे. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या डब्बो या गावच्या परिसरात तीन वेगवेगळे संसर्ग झालेल्या २५३ जणांचा पाठपुरावा केला गेला. ग्लँड्युलर फीव्हर, रॉस रिव्हर विषाणूचा ताप आणि क्यू फीव्हर हे ते तीन संसर्ग. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सहा महिन्यांनंतरही सुमारे १२ टक्के लोकांना अंथरुणाला खिळवणारा किंवा कामधंदा थांबवणारा थकवा होता, आणि तिन्ही आजारांत चित्र सारखंच होतं. शिकागो परिसरातल्या ३०१ किशोरवयीन मुलामुलींच्या अभ्यासात सहा महिन्यांनी १३ टक्के, वर्षाने ७ टक्के आणि दोन वर्षांनी ४ टक्के मुलं दीर्घकालीन थकव्याच्या निकषांत बसत होती. तिथल्याच नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात ४,५०१ विद्यार्थ्यांची माहिती ते निरोगी असतानाच नोंदवून ठेवली होती. पुढे त्यांच्यापैकी २३८ जणांना हा आजार झाला, आणि सहा महिन्यांनी ५५ जण दीर्घकालीन थकव्याच्या निकषांत बसत होते. रॉस रिव्हर हा चिकुनगुन्याचा सख्खा भाऊबंद विषाणू आहे, हे इथे मुद्दाम सांगते. २००६ च्या साथीत महाराष्ट्रातल्या गावोगावच्या लोकांनी चिकुनगुन्यानंतर महिनोन्‌महिने धरलेले सांधे आणि गळून गेलेलं अंग सोसलेलं आहे. ताप जाऊनही आजार न जाणं म्हणजे काय, हे आपल्याला नव्याने शिकायचं नाही. त्या अनुभवाची आठवण ठेवून विशीतल्या मुलांकडे बघायचं आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो मनाचा. मूळची हळवी, ताण घेणारी, घरापासून दूर एकटी पडलेली मुलं आजाराला चिकटून राहतात, असं बोललं जातं, कधी कधी डॉक्टरांच्या खोलीतही. हा आक्षेप तपासता येण्यासारखा आहे आणि तो तपासला गेला आहे. डब्बोच्या अभ्यासात पुढे कोण थकलेलं राहील याचा अंदाज वय, लिंग किंवा पूर्वीच्या मानसिक तक्रारी यांवरून लागत नव्हता. तो लागत होता सुरुवातीचं दुखणं किती जोराचं होतं त्यावरून. नॉर्थवेस्टर्नच्या विद्यार्थ्यांतही जे रेंगाळले त्यांच्यात आजाराआधीची चिंता, नैराश्य किंवा ताण इतरांपेक्षा जास्त आढळला नाही. फरक होता तो शारीरिक तक्रारींमध्ये आणि प्रतिकारशक्तीच्या काही खुणांमध्ये. महिनोन्‌महिने अंगात त्राण नसलेल्या, बरोबरीचे पुढे निघून चाललेत हे पाहणाऱ्या मुलाला नैराश्य येऊ शकतं, हे खरंच. आलं तर त्यावर समुपदेशन, गरज पडल्यास औषध, हे सगळं करावं. पण आधी काय आणि नंतर काय, हा क्रम उलटा लावला की रुग्णाला आपल्याच शरीराची साक्ष खोटी वाटू लागते, आणि तो झेपत नसतानाही स्वतःला सिद्ध करायला धावतो. यातून होणारं नुकसान मला सगळ्यात गंभीर वाटतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: पडून राहिल्याने माणूस आणखी दुबळा होतो. यात तथ्य आहे. १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात या आजाराच्या काही विद्यार्थ्यांना सक्तीने अंथरुणात ठेवलं होतं आणि काहींना झेपेल तसं उठू-फिरू दिलं होतं. दुसरा गट लवकर सावरला. म्हणून मी ज्या पथ्याबद्दल बोलते आहे ते सक्तीच्या विश्रांतीचं नाही. त्या अभ्यासातला महत्त्वाचा भाग माझ्या दृष्टीने ‘झेपेल तसं’ हा आहे. तिथे कुणी रुग्णाला रोज इतकी पावलं वाढव असं बजावलं नव्हतं. किती उठायचं हे त्याच्या शरीराने ठरवलं होतं. ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवत नेण्याची पद्धत दीर्घकालीन थकव्याच्या रुग्णांसाठी ब्रिटनमध्ये अनेक वर्षं अधिकृतपणे सुचवली जात होती. तिच्यावर मोठा वाद झाला, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये तिथल्या ‘नाइस’ या संस्थेने आपल्या मार्गदर्शक सूचनांतून ती काढून टाकली. अशा रुग्णांत श्रमाचा परिणाम उशिरा उमटतो, हे यातलं कळीचं कारण. आज ग्रंथालयात चार तास बसता येतं, येताना भाजी घेऊन जिना चढता येतो, रात्री बरंही वाटतं. अंग मोडून येतं, गाठी दुखू लागतात, वाचलेलं वाक्य डोक्यात शिरत नाही, हे घडतं उद्या किंवा परवा. त्यामुळे ‘आत्ता जमतंय’ ही खूण फसवी ठरते. विश्वासार्ह खूण असते दुसऱ्या दिवसाची. काल जेवढं केलं त्यानंतर आज उठताना कालच्यासारखंच वाटत असेल, तर तेवढं झेपतं असं धरावं आणि ते काही दिवस तसंच ठेवून मग किंचित वाढवावं. घसरण झाली तर मागे यावं. बौद्धिक कामही यात धरायचं. दोन तासांची ऑनलाइन बैठक, परीक्षेचा एक पेपर, गोंगाटात घालवलेली संध्याकाळ, हे सगळे श्रमच आहेत. चांगल्या दिवशी राहिलेलं सगळं उरकून टाकण्याचा मोह तरुण वयात आवरणं फार कठीण असतं, आणि पथ्य मोडतं ते नेमकं त्याच दिवशी.

रिपोर्ट ठीक आहेत ना, मग काय होतंय, असाही एक प्रश्न असतो. रक्ततपासणी पेशींची संख्या सांगते, यकृताचं काम सांगते, प्रतिपिंडं आहेत की नाहीत ते सांगते. थकवा मोजणारी तपासणी अजून नाही, तेव्हा रिपोर्टवरून त्याचं असणं-नसणं ठरत नाही. मात्र प्रत्येक थकवा या विषाणूच्या माथी मारणंही चूक आहे. रक्तातलं लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड तपासून घ्यायलाच हवं, विशेषतः शाकाहारी घरांतून आलेल्या आणि उन्हाचं दर्शन दुर्मीळ असलेल्या देशात राहणाऱ्या मुलामुलींनी. यातलं काही कमी निघालं तर ते भरून काढल्याने खरोखर फरक पडतो. काहीच कमी नसताना घेतलेलं टॉनिक किंवा ‘ताकद यावी म्हणून’ लावलेलं सलाईन यांनी तो पडत नाही. विषाणूविरोधी औषधांचाही रुग्णाला जाणवेल असा फायदा दिसलेला नाही. अमॉक्सिसिलिनसारखं अँटिबायोटिक या आजारात दिलं तर पुष्कळांच्या अंगभर पुरळ उठतं, आणि मग ती पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी समजून कागदोपत्री कायमची चिकटते. प्लीहा सुजलेली असताना मार लागला तर ती फुटू शकते. हे क्वचित घडतं, पण घडलं तर जिवावर बेततं. निदान पहिले तीन-चार आठवडे फुटबॉल, कबड्डी, वजनं उचलणं बंद ठेवावं, आणि डाव्या बरगडीखाली अचानक तीव्र दुखलं तर थेट इस्पितळ गाठावं. यकृत सावरेपर्यंत दारू पूर्ण बंद.

चुंबनातून होणारा आजार अशी याची ख्याती आहे आणि त्या एका गोष्टीमुळे आपल्याकडची मुलं घरी नाव सांगायला बिचकतात. लाळ एकाच पाण्याच्या बाटलीतून, एकाच चमच्यातूनही जाते. संसर्ग दीड महिना आधीचा असतो आणि देणाऱ्याला बहुधा स्वतःला काहीच होत नसतं. कुणाकडून आला हे शोधण्यात अर्थ नाही आणि त्यातून चारित्र्याचा निष्कर्ष काढण्यात तर मुळीच नाही. लपवाछपवीमुळे एवढंच होतं, की ज्या काळात मदतीची गरज असते त्याच काळात ती मागता येत नाही.

शेवटचा आक्षेप पैशांचा आणि वेळेचा आहे, आणि तो मी सर्वांत गांभीर्याने घेते, कारण तो खरा आहे. शैक्षणिक कर्ज काढून एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला आलेल्या मुलाला सहा महिने हळूहळू बरं होण्याची चैन कशी परवडावी? अभ्यास लांबवला तर व्हिसाचं गणित बिघडतं, आठवड्याला जेमतेम वीस तासांची परवानगी असलेलं काम सुटलं तर घरभाडं अडतं. पण या अडचणी पथ्याची गरज कमी करत नाहीत. संस्थांची जबाबदारी वाढवतात. ती पार पाडण्याची साधनंही अस्तित्वात आहेत. ब्रिटनमध्ये २०१० पासून डॉक्टर जे प्रमाणपत्र देतात त्यात ‘कामाला अयोग्य’ याखेरीज ‘काही बदल केल्यास योग्य’ असाही पर्याय असतो: कमी तास, टप्प्याटप्प्याने परतणं, कामाच्या स्वरूपात बदल. आजारी आणि ठणठणीत यांच्या मधली अवस्था सरकारी कागदावर मान्य झाली आहे, ही मला मोठी गोष्ट वाटते. विद्यापीठांतही मुदत वाढवून घेणं, पेपर पुढे ढकलणं, घरून व्याख्यान ऐकणं यांची सोय असते, फक्त ती मागावी लागते, आणि लवकर मागावी लागते. उशिरा, नापास झाल्यावर सादर केलेल्या प्रमाणपत्राला फारशी किंमत राहत नाही. आपल्याकडच्या महाविद्यालयांत आणि कंपन्यांत ही मधली अवस्था जवळजवळ नाहीच. तिथे मेडिकल सर्टिफिकेटच्या तारखा संपल्या की माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्ण बरा धरला जातो. टायफॉइडनंतर, डेंग्यूनंतर, चिकुनगुन्यानंतर, कोविडनंतर हे असंच घडत आलं आहे, आणि सर्टिफिकेटवर अर्ध्या वेळेच्या कामाचा एक रकाना वाढवायला फार मोठा खर्च येणार नाही.

घरच्यांना काय करता येईल, तेही सांगते, कारण ते दूर असतात आणि काळजीने हैराण झालेले असतात. या आजाराच्या रुग्णाला रोज ‘बरं वाटतंय का?’ असं विचारलं की त्याला रोज एकतर खोटं बोलावं लागतं किंवा तेच निराश उत्तर द्यावं लागतं. त्याऐवजी आठवड्यातून एकदा विचारावं, की मागच्या आठवड्यापेक्षा काय जास्त करता आलं, आणि केल्यानंतर दुसऱ्या दिवशी कसं गेलं. याचं उत्तर देता येतं आणि त्यातून पुढच्या आठवड्यात किती करायचं हेही ठरवता येतं. शिकागोच्या अभ्यासातले आकडे सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत सतत उतरत गेले, हेही त्यांना सांगावं. ज्यांचं वर्ष उलटूनही अडलेलं राहतं, त्यांच्यासाठी मात्र वाट बघणं पुरेसं नाही. दीर्घकालीन थकव्यावर काम करणाऱ्या तज्ज्ञाकडे त्यांना पाठवलं गेलं पाहिजे, आणि तोवर ते सांगतात ते खरं मानलं गेलं पाहिजे.