तळ्याकाठचे आवक-जावक रजिस्टर

पक्षी पाहायला दुर्बीण लागते, मोठा कॅमेरा लागतो, भरपूर सुट्टी लागते, असा समज आपल्या वस्त्यांत आहे. विरार लोकलला लटकून रोज मुंबई गाठणाऱ्या माणसाने हे करावे तरी कधी? आम्ही नालासोपाऱ्यात एका तळ्याकाठी तिसऱ्या मजल्यावर राहतो. आमचा अनुभव असा, की एक खिडकी, एक वही आणि सकाळची 15 मिनिटे एवढे भांडवल पुरते.

आमचा पेशा कारकुनाचा. म्हणून त्या वहीला घरात 'आवक-जावक रजिस्टर' हेच नाव पडले. पावसाळा सरत आला की पहिली आवक धोबी पक्ष्याची. शेपटी सारखी वरखाली करीत तो काठच्या चिखलात किडे टिपत फिरतो. मग विजेच्या तारांवर माळभिंगऱ्यांची रांग लागते. थंडी पडली की वारकरी वाढतात. अंगाने काळा, कपाळावर पांढरा टिळा. उडायचे झाले की हा आधी पाण्यावरून धावत सुटतो, आपण सुटलेल्या गाडीमागे धावतो तसा. एखाद्या वर्षी टोकदार शेपटीची तलवार बदकेही चार दिवस मुक्काम करतात.

ही मंडळी कोणी हिमालयातून येतात, कोणी मध्य आशियातून, कोणी सायबेरियातून. नुसत्या थंडीला भिऊन ती येत नाहीत. तिकडची तळी गोठतात, किडे आणि पाणवनस्पती मिळेनाशा होतात, म्हणून येतात. म्हणजे पोटासाठीच, आपले वाडवडील गाव सोडून मुंबईला आले तसेच. त्यांच्या या वाटेला मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात. तो सुमारे 30 देशांवरून जातो. मार्च उजाडला, दिवस मोठा होऊ लागला, की जावक सुरू.

रजिस्टर आई सांगते आणि तिची नात लिहिते. आई 76 वर्षांची. गुडघ्यांमुळे तिला जिना उतरवत नाही. तिला अक्षरओळख नाही, पण पाखरांची ओळख आमच्याहून पक्की. आम्ही पुस्तकातले 'वंचक' हे नाव सांगतो. ती म्हणते, "ती ढोकरी. बसली की मातीची, उडाली की दुधाची."

एकदा नातीने विचारले, "आजी, तुला एवढं कुठून ठाऊक?" आई म्हणाली, "गावच्या तळ्याला आमाला हात लावू देत नव्हते. कुणी वरून कळशीत पाणी घालील म्हणून लांब बसून वाट बघायची. बसल्या बसल्या पाखरं बघायची. त्यांना कुणी अडवत नव्हतं."

20 मार्च 1927 ही चवदार तळ्याची तारीख आमच्या मुलांना पाठ आहे. त्या तारखेचा अर्थ त्यांना त्या दिवशी आजीच्या तोंडून कळला. आज आई तळ्यासमोर खुर्ची टाकून बसते. ऊठ म्हणणारा कोणी नाही.

आपल्या सोपाऱ्याचे आणखी एक सांगायला हवे. 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी येथील स्तूपाचे उत्खनन केले. त्याच वर्षी भाटेला तळ्याजवळ सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. तो आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. या आठव्या लेखाचा विषय काय? पूर्वीचे राजे शिकारीच्या सहलींना जात. अशोकाने त्या सोडल्या आणि धम्मयात्रा सुरू केल्या. पुढे उत्तरेकडील स्तंभलेखात त्याने मारू नयेत अशा प्राण्यांची यादी दिली. त्यात पोपट, साळुंकी, चक्रवाक आणि हंस आहेत. हिवाळ्यात येणारे पाहुणे एका राजाच्या दप्तरात तेव्हाच नोंदले गेले होते!

नोंदीचा उपयोग काय, हे आम्हांला दोन वर्षांपूर्वी समजले. तळ्याच्या एका कोपऱ्यात रात्री राडारोड्याचे ट्रक रिकामे होऊ लागले. तक्रार केली तर उत्तर मिळाले, "तिथे आहे काय? डबके तर आहे." मग तीन हिवाळ्यांच्या तारखा आणि आकडे उतरवून काढले, इमारतीतल्या सगळ्या घरांच्या सह्या घेतल्या आणि अर्ज जोडून पोच घेतली. ट्रक थांबले. टाकलेला भराव मात्र तसाच आहे, आणि त्या कोपऱ्यात वारकरी आता उतरत नाही.

हा प्रश्न केवळ पाखरांचा नाही. जुलै 2018 मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेले, गाड्या बंद पडल्या, तळमजल्यावरच्या घरांतले धान्य, अंथरूण, मुलांची पुस्तके भिजली. तळी, खाजणे, पाणथळ जागा पावसाचे पाणी पोटात घेतात. त्या बुजल्या की ते पाणी शोधत येते गरिबाचाच उंबरा.

तेव्हा या हिवाळ्यात मुलांना घेऊन खिडकीशी बसा. खिडकीसमोर तळे नसेल तर एका रविवारी भुईगावच्या किनाऱ्यावर जा. तिथे कुरव पक्षी दिसतील, त्याला तिकीट लागत नाही. पाव टाकू नका, गलका करू नका. जे दिसेल ते तारखेसह लिहा आणि वही जपून ठेवा. अर्जाला जोडायला ती कधी लागेल, सांगता येत नाही.