कोळिणीचा किल्ला

म्हातारपणी माणसाला कुणाचे घर सजवावे लागेल याचा काही नेम नाही. मुलीच्या लग्नाचा मांडव मी सजवला, गल्लीतल्या गणपतीची आरास कित्येक वर्षे केली, शेजारच्या वकिलांच्या वास्तुशांतीला दारावर तोरणेही बांधली. पण आठ पायांच्या, अंगभर केस असलेल्या आणि गुडघ्यागुडघ्याला शेंदूर फासल्यासारख्या दिसणाऱ्या एका बाईचे बिऱ्हाड थाटून देण्याची पाळी अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माझ्यावर येईल, असे भविष्य कुणी वर्तवले असते, तर मी त्याच्या पंचांगाची पुडी बांधायला घेतली असती.

ही हकीकत इंग्लंडातल्या लेस्टर गावची. माझा मुलगा तिथे असतो. त्या गावात बेलग्रेव्ह रोड नावाचा एक रस्ता आहे. दिवाळीच्या आधी तिथे दिव्यांच्या कमानी लागतात, मिठाईच्या दुकानांतून गर्दी उसळते, आणि थंडीने नाक लाल झालेले लोक बर्फी खात हिंडतात. तेव्हा दिवाळीला परमुलखात आलो, असे मला फारसे वाटले नाही. वाटले ते नातीच्या खोलीत पाऊल टाकल्यावर. टेबलावर एक काचेची पेटी होती, पेटीत माती होती, आणि मातीवर, माझ्या तळहाताएवढी, ती बसली होती.

“आजोबा, ही शेंदरी,” नात म्हणाली. “हे नाव तुम्हाला आवडेल म्हणून ठेवलंय.”

आता अशा वेळी काय बोलायचे? मी म्हणालो, “वा!” आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसलो.

शेंदरी ही जातीची टॅरंट्युला. या नावाची कथा मोठी मौजेची आहे. इटलीत तारांतो नावाचे एक शहर आहे. तिथे पूर्वी अशी समजूत होती की, एक विशिष्ट कोळी चावला तर बेभान नाचल्याशिवाय विष उतरत नाही. तो कोळी वेगळाच, अंगानेही लहान. पण युरोपातली माणसे अमेरिकेत गेली, तिथले हे केसाळ, दांडगे कोळी पाहून घाबरली, आणि बरोबर नेलेले नाव त्यांनी यांना देऊन टाकले. नातीची शेंदरी इंग्लंडातच जन्मलेली. तिचे कूळ मात्र मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्याकडचे. तिकडे तिचे जातभाई जमिनीत बीळ करून राहतात. आपल्या सह्याद्रीच्या जंगलातही हिची एक लांबची नातेवाईक असते. ती झाडाच्या ढोलीत राहते. तिने तिथेच राहावे आणि आपण तिला तिथेच राहू द्यावे, हे बरे. या जातीच्या माद्या वीस-वीस वर्षे जगतात, असे नातीने सांगितले, तेव्हा मी मनातल्या मनात बेरीज केली आणि विषय बदलला.

पण तिने तो बदलू दिला नाही. “दिवाळी आहे ना? मग शेंदरीचंही घर सजवायचं. बाबा म्हणतात, तुम्ही लहानपणी फार छान किल्ले करायचात.”

झाले! म्हातारा पाघळला.

साताऱ्यात वाढलेल्या मुलाला किल्ला शिकवावा लागत नाही. अजिंक्यतारा डोळ्यांसमोर असतोच. दिवाळीच्या आधी आठ दिवस आम्ही अंगणात दगड रचायचो, त्यावर पोती टाकायचो, पोत्यांवर चिखल थापायचो. अळीव पेरून हिरवळ उगवायची. बुरूज, पायऱ्या, विहीर, गुहा, गुहेत मातीचा वाघ आणि सर्वांत वर सिंहासनावर महाराज. कुणाचा किल्ला उंच, यावरून मारामाऱ्या व्हायच्या. मी त्याच रात्री कागद घेतला आणि शेंदरीच्या किल्ल्याचा नकाशा काढला.

दुसऱ्या दिवशी तो तपासायला गेला. नगरपालिकेच्या इंजिनिअरापुढे मी अनेकदा उभा राहिलो आहे, पण या तेरा वर्षांच्या इंजिनिअराइतका कडक अधिकारी मी पाहिला नाही.

“बुरूज कशाचे?”

“दगडांचे.”

“मातीवर ठेवलेले? नाही चालणार. ती खालून उकरते. दगड अंगावर येईल. मोठा दगड ठेवायचाच तर तो खाली काचेवर टेकवायचा, आणि माती मागून भरायची.”

“बरं, बुरुजाभोवती निवडुंग?”

“काटे आहेत ना त्याला! तिचं पोट फार नाजूक असतं.”

“हिरवळ? मी अळीव आणलाय.”

“मग रोज पाणी मारावं लागेल. तिच्या देशात वर्षातला बराच काळ कोरडा असतो. तिला कोरडी जमीन आवडते.”

“दिव्यांची माळ?”

“ती रात्रीची फिरते, आजोबा. तिला अंधार हवा.”

रंगवलेले मावळे गेले, कारण रंग कशाचा ते ठाऊक नाही. देवदाराच्या लाकडाचा भुसा गेला, कारण त्या लाकडाचा उग्र वास तिला बाधतो. बागेतली सुकलेली पाने गेली, कारण त्यांवर औषध फवारले असेल. उदबत्ती आणि धूप तर तिच्या खोलीत आणायलाच बंदी. डास मारायच्या औषधाचे नाव काढले, तेव्हा तिने माझ्याकडे असे पाहिले की, मी खुनाचा बेत सांगत आहे! दुपारपर्यंत माझ्या किल्ल्याची तटबंदी सपाट झाली. मुघलांना जे इतकी वर्षे जमले नाही ते या पोरीने तासाभरात केले.

मग आम्ही दुकानात गेलो. पाळीव प्राण्यांच्या त्या दुकानात एक भिंतच्या भिंत सजावटीच्या वस्तूंनी भरलेली होती. माणसाची कवटी, बुडालेले गलबत, पडके ग्रीक देऊळ, टोकदार मनोऱ्यांचा किल्ला. मी किल्ला उचलला. तिने त्याच्या कडेवरून बोट फिरवले आणि ते मला दाखवले. बोटावर पांढरा ओरखडा उठला होता.

“अगं, मग हे सगळं विकायला ठेवलंय ते कुणासाठी?”

“बघणाऱ्यांसाठी,” ती सहज म्हणाली आणि पुढे गेली.

आम्ही विकत घेतले ते एवढेच. बुचाच्या झाडाची, पन्हळीसारखी वळलेली एक रुंद साल, आणि नारळाच्या सोडणाच्या भुशाची दाबून केलेली एक वीट. कोकणात जे सोडण चुलीत जाते, त्याच्या भुशाला इथे चांगले पौंड मोजावे लागले. घरी येऊन ती वीट पाण्यात भिजवली, पिळली, वाळवली आणि मातीत मिसळून पेटीत जाड थर दिला. इतका जाड की, वरच्या झाकणापर्यंत जेमतेम वीतभर जागा उरली. साल अर्धी मातीत पुरली, आणि तिच्याखाली बोटभर खड्डा करून दिला, म्हणजे पुढचे बीळ शेंदरीला आपले आपण खणता येईल. बाकी सगळी जमीन मोकळी. का? तर वर्षा-दोन वर्षांनी ती कात टाकते. त्या वेळी पाठीवर उताणी पडून जुन्या कातडीतून पाय एकेक करून सोडवते. नवे अंग तेव्हा लोण्यासारखे मऊ असते. जवळ काही टोकदार असले तर संपलेच.

मला हे सगळे पटले. पण पटणे निराळे आणि आवडणे निराळे. पेटीकडे पाहून मला भाडेकरू सोडून गेलेल्या खोलीची आठवण होई. दिवाळी, आणि अशी?

म्हणून दुसऱ्या दिवशी घरात कुणी नसताना मी एक उद्योग केला. परसात सापडलेले पाच-सहा गुळगुळीत दगड धुतले, झाकण उघडले, स्वयंपाकघरातल्या सांडशीने ते एकावर एक रचले आणि पेटीच्या कोपऱ्यात छोटासा बालेकिल्ला उभा केला. वर कागदाचा इवलासा भगवा झेंडा. शेंदरी सालीखाली झोपली होती. मी स्वतःवर खूश होऊन खाली जाऊन चहा घेतला.

संध्याकाळी नात वर गेली आणि तिची हाक आली. ओरडली नाही ती. फार हळू हाक मारली, म्हणूनच मी घाबरलो.

शेंदरी बालेकिल्ल्यावर चढली होती, आणि तिथून काचेवर. झाकणाशी, काचेला चार पायांनी धरून, जड पोट लोंबत ठेवून ती लटकत होती. खाली माझे दगड होते.

पोरीचे हात थरथरत नव्हते. तिने आधी दगड एकेक करून काढले. त्या जागी घडी केलेला मऊ पंचा पसरला. मग सालीचा तुकडा शेंदरीच्या पुढच्या पायांशी टेकवला आणि चित्राच्या कुंचल्याने तिच्या मागच्या पायाला हलकेच स्पर्श केला. शेंदरी विचार करू लागली. मी तोवर दोन वेळा रामरक्षा म्हटली. अखेर तिने एक पाय सालीवर ठेवला, मग दुसरा.

झाकण लावून झाल्यावर नात माझ्याकडे वळली. मी बोलणी खायला तयार होतो. पण ती एवढेच म्हणाली, “आजोबा, ती पडली तर फुटते. म्हणून उंच काही ठेवायचं नसतं. तुम्हाला माहीत नव्हतं.” आणि तिच्या डोळ्यांत पाणी आले.

ते वाक्य घेऊन मी माझ्या खोलीत आलो. आता या खोलीविषयी सांगायला हवे. गेल्या पावसाळ्यात साताऱ्याच्या घरी जिन्यात माझा पाय घसरला आणि खुबा मोडला. शस्त्रक्रिया झाली, चालता येऊ लागले, तसा मुलगा मला इकडे घेऊन आला. मी येण्याआधी सूनबाईंनी खोली तयार करून ठेवली होती. म्हणजे जमिनीवरचा सुंदर गालिचा काढला होता, नक्षीचे तिपाई हलवले होते, टेबलाच्या कोपऱ्यांना रबर लावले होते, आणि न्हाणीघरात भिंतीला पोलादी दांडा बसवला होता. ती खोली पाहून मी साताऱ्याच्या मित्राला कळवले होते, “मला दवाखान्यात ठेवले आहे.” त्या दांड्याला तर मी हात न लावण्याचा पणच केला होता. सूनबाई रोज विचारीत, “बाबा, दांडा नीट आहे ना?” आणि मी रोज म्हणत असे, “असेल.”

त्या रात्री मी पलंगावर बसून माझी पेटी प्रथमच नीट पाहिली. मोकळी जमीन. कुठे टोक नाही. उंचावर काही नाही. उशाशी अंधारात मंद जळणारा दिवा, चष्म्यासाठी हाताच्या अंतरावर फळी. ज्याने ही खोली मांडली, त्याने रात्री लघवीला उठणारा एक म्हातारा पाऊल कुठे टाकील, हात कुठे टेकील, हे मनात धरून आधी स्वतः चार वेळा फेऱ्या मारल्या असतील. गालिचा अंथरायला काय लागते? पैसे. तो उचलायला मात्र माणसाची चाल ठाऊक असावी लागते.

धनत्रयोदशीला मी साताऱ्याहून आणलेल्या पणत्या काढल्या. त्यांतली एक साधी, बिनरंगाची, तेल न लागलेली पणती मी नातीपुढे धरली आणि भीतभीत विचारले, “पाण्याला चालेल?” तिने कडेवरून बोट फिरवले, आत डोकावून पाहिले, पणती उलटी करून पाहिली. “उथळ आहे. गुळगुळीत आहे. चालेल.” पदवी मिळाली तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता. पाणी भरलेली ती पणती सालीच्या तोंडाशी मांडली. दिवाळीतली ती एकच पणती ज्योतीवाचूनची, पण तिच्याकडे पाहताना मला काही उणे वाटले नाही.

नरकचतुर्दशीला पहाटे सूनबाईंनी तेल लावायला पाट मांडला. तेल, उटणे, कढत पाणी, सगळे साताऱ्यासारखे. तेलकट पावलांनी न्हाणीघरात शिरलो आणि फरशीवर पाय जरा सरकला. हात आपोआप दांड्यावर गेला. तो गार होता, खरखरीत होता, आणि नेमका तिथे होता जिथे माझा हात गेला. स्नान होईपर्यंत मी तो सोडला नाही. बाहेर आल्यावर सूनबाईंना म्हणालो, “दांडा नीट आहे हो.” त्या काही बोलल्या नाहीत, पण फराळाच्या ताटात माझ्या वाट्याला एक चिरोटा जास्त आला.

मग नातीबरोबर शेंदरीला पाहायला गेलो. बाईंनी रात्रभर जागून आपली दिवाळी केली होती. मी इतक्या कौतुकाने ठेवलेली पणती मातीने काठोकाठ भरली होती! आमचा सपाट केलेला थर उकरून सालीपुढे त्याचा लहानसा ढीग रचला होता, आणि दाराशी रेशमाचे पांढरे, पातळ अंथरूण घातले होते.

“असंच करते ती,” नात म्हणाली. “तिचं घर आहे ना.”

तिने पणती काढली, धुतली, पुन्हा पाणी भरून ठेवली. मी खुर्ची ओढून पेटीजवळ बसलो. या खेपेला दारापाशी नाही.